सोसायटीचा ग्रुप, जुलै 2024: सायनचा रेल्वेवरचा पूल 1 ऑगस्टपासून पाडकामासाठी बंद, स्कूलबसचं काय?

*कदम वहिनी (बी-302):* सेक्रेटरी साहेब, सायनच्या पुलाची बातमी टाकून तुम्ही गायब! बसवाला म्हणतोय गुरुवारपासून पिकअप 6.05 ला. पोराला उठवायचं किती वाजता?

*नेने काका (ए-101):* शुभ सकाळ 🙏🌹

*साळवी (ए-404):* काही बंद होत नाही. जानेवारीत होणार होता, मग फेब्रुवारी, मग मार्च. बोर्डाच्या परीक्षा म्हणून ढकलला.

*सेक्रेटरी:* या वेळी पक्कं आहे. 1 ऑगस्ट. 24 महिने धरून चाला.

*साळवी (ए-404):* 24?? 😂 हँकॉक पूल 2016 च्या जानेवारीत पाडला, 2022 उजाडलं एक बाजू सुरू व्हायला. कर्नाक पूल पाडून दीड वर्ष होऊन गेलं, नवा कुठाय?

*देसाई (बी-501):* मुळात पाडायचा कशाला? 2020 ला सायनच्या फ्लायओव्हरला जॅकने उचलून बेअरिंग, म्हणजे खांबांवरच्या टेकण्या, बदलले. गुरुवार रात्र ते सोमवार पहाट ब्लॉक, बाकी दिवस गाड्या चालू. तसंच करा.

*बापट काका (ए-203):* देसाई, तो काँक्रीटचा फ्लायओव्हर. हा 1912 चा रेल्वेवरचा पूल. आयआयटीने ऑडिट करून धोकादायक ठरवलाय. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहून एकदा वर बघा, गर्डरवरचा, म्हणजे लोखंडी तुळईवरचा, गंज पापुद्र्यांनी सुटलाय. आणि समजा तो गर्डर नवाकोरा असता, तरी मधले खांब रेल्वेच्या नव्या पाचव्या-सहाव्या लाइनच्या आड येतातच. बेअरिंग बदलून खांब बाजूला होत नाही. नवा पूल मधे खांब न ठेवता एका गाळ्यात टाकणार.

*देसाई (बी-501):* जॅक लावून गर्डरही बदलता येतो. टप्प्याटप्प्याने करा.

*बापट काका (ए-203):* 🙏

*कदम वहिनी (बी-302):* मी बसचं विचारलं होतं.

*शेख भाई (बी-104):* वहिनी, बस सुलोचना शेट्टी मार्गाने कुंभारवाड्यावरून फिरवतील. पण सगळेच तिकडून जाणार. अब्बांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं असतं. ॲम्ब्युलन्स त्या गर्दीत अडकली तर?

*सेक्रेटरी:* शेख भाई, वॉर्ड ऑफिसला पत्र देतोय, त्यात हा मुद्दा घेतो.

*साळवी (ए-404):* रुळांवरचं काम रेल्वे करणार, दोन्हीकडचे उतार पालिका. अंधेरीला गोखले पूल आणि बर्फीवाला फ्लायओव्हर जोडायला गेले तेव्हा उंचीत दीड मीटरची पायरी निघाली होती 😂

*नेने काका (ए-101):* आपल्याकडे पायरी निघाली तर लिफ्ट बसवतील.

*कुलकर्णी काकू (ए-602):* आधी आपली ए विंगची लिफ्ट चालू करा. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय माझं. पुलावर चर्चा करायला सगळ्यांना वेळ आहे.

*सेक्रेटरी:* काकू, पार्ट आलेला नाही. दोनदा सांगितलं आहे.

*कुलकर्णी काकू (ए-602):* हो, आणि आम्ही दोनदा ऐकलं आहे.

*देसाई (बी-501):* विषय भरकटतोय. रिपीट करतो: जॅक. टप्प्याटप्प्याने.

*बापट काका (ए-203):* खालून मिनिटामिनिटाला लोकल जातात. प्रत्येक टप्प्याला मेगाब्लॉक घ्यावा लागेल. रेल्वेत 34 वर्षं काढली आहेत हो मी.

*देसाई (बी-501):* म्हणूनच रेल्वे अशी चालते.

*शेख भाई (बी-104):* देसाई साहेब, हे बरं नाही बोललात.

*देसाई (बी-501):* गंमत केली. काका समजतात.

*बापट काका (ए-203):* समजतो.

*पाटील (बी-203):* पर्यायी रस्त्यांवर नो पार्किंग लागणारच. बाहेर गाड्या लावणारे आता आत घुसणार. माझ्या स्लॉटमध्ये कोणी लावली तर हवा काढीन, आधीच सांगतोय.

*साळवी (ए-404):* तुझा स्लॉट? तुझी दुसरी गाडी व्हिजिटरमध्ये उभी असते, ते सांग.

*सेक्रेटरी:* कृपया! पत्र उद्या वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलिसांना जाईल. शाळेच्या वेळेत पर्यायी रस्त्यावर अवजड वाहनं नकोत, ॲम्ब्युलन्ससाठी चौकात हवालदार हवा, स्टेशनचा पादचारी पूल रात्रीही उघडा राहावा. सह्या वॉचमनकडच्या रजिस्टरमध्ये, रात्री 9 पर्यंत.

*देसाई (बी-501):* जॅकचा मुद्दा घ्या.

*कदम वहिनी (बी-302):* बसवाल्याशी मीच बोलले. 6.15 ला तयार झालाय, पण पोरं गेटवर उभी पाहिजेत. बी विंगच्या आयांनी मला पर्सनल मेसेज करा, इथे नको.

*सेक्रेटरी:* सहीला येताना मेंटेनन्सचा चेकही आणा. 404, तुम्हालाच म्हणतोय.

*साळवी (ए-404):* पर्सनलवर बोला.