रॅमची ‘फेरपालट’ म्हणावे का?

निपाणीहून विचारणा: दुकानातल्या डेस्कटॉप संगणकात रॅमच्या, म्हणजे काम चालू असताना माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, दोन पट्ट्या आहेत. दरवर्षी पावसाळा सरला की त्यांच्या जागा बदलाव्यात, म्हणजे दोन्ही सारख्या झिजतील, असे दुरुस्तीच्या कारागिराने सुचवले आणि त्या कामाला त्यांनी ‘फेरपालट’ म्हटले. आमच्या रानात ज्वारीच्या जागी पुढच्या वर्षी हरभरा घेतला की तिला आम्ही फेरपालट म्हणतो. तोच शब्द येथे चालेल का, आणि मुळात असे करणे लाभाचे आहे का?

खानापूरहून उत्तर: माझ्या मते शब्दही चुकीचा आहे आणि कामही निरर्थक आहे, आणि दोहोंचे कारण एकच आहे. एकच पीक वारंवार घेतल्याने जमिनीचा कस एकाच बाजूने जातो, हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी नत्राची भर घालतात, म्हणून फेरपालटीला अर्थ येतो. मोटारीची पुढची-मागची चाके वेगवेगळी झिजतात, म्हणून तीही आपण बदलतो. रॅममध्ये मात्र प्रत्येक बिट, म्हणजे माहितीचा सर्वांत लहान कण, एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकून असतो, तो भार गळत राहतो, आणि काम चालू असो वा नसो, साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत दोन्ही पट्ट्यांत तो नव्याने भरला जातो, म्हणून वापराने एक पट्टी दुसरीपेक्षा अधिक झिजत नाही. लिहिण्याने झिजते ती पेनड्राइव्ह आणि एसएसडीमधली फ्लॅश मेमरी. ‘मेमरी’ हे एकच नाव दोन्हींना लावल्यामुळे हा घोटाळा होत असावा. ‘आळीपाळीने’ हा शब्दही मी टाळीन. पाळी म्हटले की विसावा आला, आणि आपल्याकडच्या कन्नडातही रात्रपाळीला पाळीच म्हणतात. पट्टी जिच्यात बसते त्या खाचेला विसाव्याची गरज नसते.

बेळगावहून पुरवणी: वरील मत मान्य आहे, मात्र जागा बदलण्याचा एक उपयोग खरा आहे आणि त्याला ‘अदलाबदल’ हाच शब्द शोभतो. संगणक अचानक बंद पडू लागला, तर एकेक पट्टी एकाच खाचेत लावून पाहावी, मग खाच बदलावी. बिघाड पट्टीबरोबर सरकला तर पट्टी सदोष, जागेवरच राहिला तर खाच सदोष. आमच्याकडच्या लांब पावसाळ्यात दमट हवेने आणि धुळीने संपर्क बिघडतो, तेव्हा वीज तोडून, संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून मग पट्टी काढून पुसून लावली तरी यंत्र सुरू होते. पण ते श्रेय ‘पुन्हा बसवण्याचे’ आहे, जागा बदलण्याचे नव्हे. शिवाय डीडीआर-4 या प्रकारच्या रॅमच्या पट्टीला 288 संपर्कबिंदू असतात आणि अशा खाचा साधारण 25 वेळा काढघाल सहन करतील अशा बेताने बनवलेल्या असतात, तेव्हा दरवर्षीची हौस तोट्याचीच ठरते.

निपाणीहून: समजले. चार खाचा असून पट्ट्या दोनच असतील, तर त्या कोठे लावाव्यात?

बेळगावहून: मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या खाचांतच लावाव्यात, बहुतेक ठिकाणी प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच असते. यासाठी ‘जोडी लावणे’ हा शब्द पुरेसा आहे.