मदत हवी आहे: घरी वृद्धांची सेवा करणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण (डिचोली-सत्तरी)

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटातल्या काही बायकांना घरोघरी आजारी म्हाताऱ्यांना सांभाळायचं काम करायचंय. मागणी भरपूर. २०११च्या जनगणनेतच गोव्यात साठीपुढचे लोक ११ टक्क्यांच्या वर होते, केरळच्या खालोखाल. मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात, घरात आई-बाबा दोघंच.

आता अडचण. जनरल ड्यूटी असिस्टंट (हॉस्पिटलातला मदतनीस) आणि होम हेल्थ एड (घरी रुग्णसेवा करणारा) असे दोन कोर्स आहेत, एवढं ठाऊक आहे. म्हापसा-फोंडा भागात हे शिकवणारं, आणि खरोखर हॉस्पिटलात सराव करून घेणारं केंद्र कुणाला माहीत आहे का? नुसतं सर्टिफिकेट नको. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी कशी रिकामी करायची, भरवताना ठसका लागू नये म्हणून कसं बसवायचं, हे हाताखाली घेऊन शिकवायला हवं. विस्मरण झालेल्या आजोबांशी बोलायचं कसं, हेही. (ते सगळ्यात कठीण, असं माझं मत.)

दुसरं, बारा तासांच्या ड्यूटीला तुमच्याकडे काय देतात? सुट्टी, जेवण, येण्याजाण्याचा खर्च कागदावर लिहून घेता का? घरचे लोक हळूच धुणी-भांडीही सांगतात, मग बाई काम सोडते. आणि शेवटची कदंब बस चुकली तर रात्री घरी कशी जाणार?

ज्यांनी अशी माणसं नेमली आहेत किंवा स्वतः हे काम केलंय, त्यांनी कृपया सांगा.