‘किड ए’बद्दल परीक्षकांची मते एवढी टोकाची का होती?

मंद्रसप्तक (प्रश्न)

रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘किड ए’ हा अल्बम ऑक्टोबर २००० मध्ये आला, तेव्हाची परीक्षणे सध्या जमवून वाचतो आहे. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकात मार्क बोमाँट यांनी त्याला पाचपैकी दीड तारा देऊन अक्षरशः सालटी काढली आहेत, तर ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीत-संकेतस्थळावर ब्रेंट डिक्रेसेंझो यांनी दहापैकी दहा गुण दिले आहेत. पुढे दशक संपताना ‘रोलिंग स्टोन’ हे मासिक आणि ‘पिचफोर्क’ या दोघांनीही त्याला दशकातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवले. रॉक, इलेक्ट्रॉनिक संगीत, जॅझ आणि विसाव्या शतकातले पाश्चात्त्य अभिजात संगीत यांची सरमिसळ परीक्षकांना पेलली नाही, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण लिहिणारी माणसे यांपैकी बहुतेक प्रकार ऐकून होती. मग तेव्हाच्या परीक्षकांचे कान कच्चे होते, की नंतर भक्तमंडळी वाढली?

जुनी कॅसेट

कान कच्चे नव्हते. वेळ कमी होता आणि अपेक्षा भलतीच होती. १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बमनंतर ब्रिटिश संगीतपत्रांनी या बँडला गिटार-रॉकचे तारणहार करून टाकले होते. त्यानंतरचा अल्बम सुरू होतो तो गिटारही नाही आणि नेहमीचा ड्रमसेटही नाही अशा ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ने, ज्यात दहा मात्रांच्या आवर्तनात फिरणारा सिंथेसायझर आणि गायक थॉम यॉर्क यांचा तुकडे तुकडे केलेला आवाज, एवढेच प्रामुख्याने ऐकू येते.

त्यातच परीक्षकांसाठीच्या आगाऊ प्रती मोजक्याच निघाल्या आणि अनेकांना अल्बम बंदिस्त श्रवणसत्रांत ऐकवण्यात आला. एकही सिंगल (अल्बममधून सुटे काढलेले गाणे) नव्हते, नेहमीच्या धाटणीचा व्हिडिओ नव्हता. उलट नॅप्स्टर या गाणी फुकट देवाणघेवाण करण्याच्या इंटरनेट सेवेवर तो प्रकाशनाच्या कितीतरी आधी फुटला होता, त्यामुळे ज्यांच्यासाठी परीक्षण लिहायचे त्या वाचकांपैकी अनेकांनी तो परीक्षकापेक्षा जास्त वेळा ऐकलेला होता. समीक्षकाच्या अधिकाराला धक्का देणारी इतकी विचित्र परिस्थिती त्याआधी क्वचितच आली असेल.

याच अल्बममधल्या ‘द नॅशनल अँथम’चे उदाहरण घ्या. यात बेसची एकच ओळ तबल्याच्या एकलवादनातल्या लेहऱ्यासारखी आरंभापासून धरून ठेवली आहे. तिच्यावर ड्रम, मग बँडचेच जॉनी ग्रीनवुड यांच्या ऑन्द मार्तनो या जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा कण्हल्यासारखा सूर, आणि शेवटी जॅझवादक चार्ल्स मिंगसच्या वळणाचा ब्रासचा (ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यांचा) ताफा येतो, ज्याला वाहतुकीच्या कोंडीसारखे वाजवा असे सांगितले गेले होते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो निव्वळ गोंगाट वाटतो आणि तसे कुणी लिहिले तर त्याला दोष देता येत नाही. तीनचार वेळा ऐकल्यावर मात्र लक्षात येते की बेस जागचा हललेला नाही आणि ब्रासवाले कितीही भरकटले तरी त्यालाच धरून आहेत. शुक्रवारी मजकूर द्यायचा असलेल्या माणसाला हे ‘तीनचार वेळा’ कुठून मिळणार?

शंकासुर

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत आहे. ‘पुन्हा पुन्हा ऐका म्हणजे कळेल’ हा बचाव कुठल्याही कलाकृतीला लावता येतो. वीस वेळा ऐकले की बरेच काही आवडू लागते, निदान सवयीचे तरी होते.

मला कादंबरीकार निक हॉर्नबी यांचा ‘न्यू यॉर्कर’मधला लेख या बाबतीत सर्वांत प्रामाणिक वाटतो. एकाग्रतेने आणि चिकाटीने ऐकण्याची जी मागणी हा अल्बम करतो, ती पुरी करायला कोवळ्या वयातल्या मुलांकडे रिकामा वेळ असतो, दिवसभर नोकरी करून आलेल्या प्रौढाकडे नसतो, असा त्यांचा मुद्दा होता. कादंबरीकाराने केलेली ही तक्रार संगीतापेक्षा ऐकणाऱ्याच्या जगण्याबद्दल आहे, म्हणूनच तिला ‘तुम्हाला कळले नाही’ असे उत्तर देता येत नाही. शिवाय प्रतिकूल परीक्षकांची निरीक्षणे बरीचशी बरोबर होती. धृपदे कमी आहेत, चाली लपलेल्या आहेत, आणि काही ओळी तर यॉर्क यांनी कागदाचे कपटे टोपीतून उचलून जुळवल्या आहेत. हे दोष मानायचे की नाही, एवढाच वाद उरतो. ‘ट्रीफिंगर्स’ हा तुकडा मला अजूनही भरतीचा वाटतो. या अल्बमला दशकाच्या शिखरावर चढवणाऱ्यांनी जरा हात आवरला असता तर बरे झाले असते.

तिसरा घर

आक्षेपाचा आणखी एक प्रकार प्रश्नात आलेला नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. वॉर्प या ध्वनिमुद्रण कंपनीचे एफेक्स ट्विन, ऑटेकर वगैरे इलेक्ट्रॉनिक संगीतकार आधीपासून ऐकणाऱ्यांचे म्हणणे होते की यात नवे काहीच नाही. रॉकच्या श्रोत्यांना जे धाडस वाटते आहे ते आम्ही कधीच ऐकून झालो आहोत.

उधारी खरीच आहे, पण ती कशी फेडली ते ‘इडिओटेक’ या गाण्यात दिसते. त्यातली चार कॉर्ड्सची सुरावट संगीतकार पॉल लान्स्की यांनी प्रिन्स्टनमध्ये संगणकावर रचलेल्या १९७३ च्या ‘मिल्ड उंट लायझे’ या रचनेतून घेतलेली आहे, आणि ते नावच मुळी वाग्नर यांच्या ऑपेरातले आहे. ग्रीनवुड यांनी सुमारे पन्नास मिनिटांचे ध्वनिमुद्रण यॉर्क यांच्या हाती दिले, यॉर्क यांनी त्यातला छोटासा तुकडा उचलला आणि त्यावर कुणालाही गुणगुणता येईल अशी चाल बसवली. लान्स्की यांना श्रेयही दिले गेले. म्हणजे सामग्री परकी, पण गाणे करण्याची खोड जुनीच. ‘यांनी गाणी लिहिणे सोडले’ आणि ‘यांनी उसने आणले’ हे दोन्ही आरोप एकाच वेळी करणाऱ्यांनी हे एक गाणे नीट ऐकायला हवे होते.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार. हॉर्नबी यांचा लेख मी वैताग म्हणून बाजूला ठेवला होता, तो पुन्हा वाचतो. परीक्षणांचा विक्रीवर काही परिणाम झाला का?

जुनी कॅसेट

फारसा नाही. सिंगल नसतानाही तो अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आला आणि २००१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तुमच्या कामासाठी मी २००१ मध्ये आलेल्या ‘अम्नेझिअ‍ॅक’ची परीक्षणे सुचवेन. तोही याच ध्वनिमुद्रणसत्रांतून निघाला आहे आणि ‘मॉर्निंग बेल’ हे गाणे दोन्ही अल्बममध्ये वेगवेगळ्या रूपांत आहे. त्याच परीक्षकांनी आठेक महिन्यांच्या अंतराने त्या एकाच गाण्याबद्दल काय लिहिले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.