एर्न्स्ट हॅपेल: व्हिएन्नाबाहेर घडलेला प्रशिक्षक

प्रश्न (धागाकर्ता: डावा बचाव)

टोटल फुटबॉलचा, म्हणजे खेळाडू एकमेकांच्या जागा घेत खेळतात त्या डच शैलीचा, विषय निघाला की अ‍ॅमस्टरडॅमचा क्लब आयाक्स, त्याचे प्रशिक्षक रिनुस मिकेल्स आणि खेळाडू क्रायफ ही नावे आपसूक पुढे येतात. युरोपियन चषक (युरोपातील विजेत्या क्लबांची स्पर्धा) जिंकणारा पहिला डच क्लब मात्र आयाक्स नसून रॉटरडॅमचा फेयेनूर्द होता, आणि १९७० च्या त्या संघाचे प्रशिक्षक एर्न्स्ट हॅपेल हे ऑस्ट्रियन होते, हे मला अलीकडेच कळले. हॅपेल रॅपिड व्हिएन्नाचे बचावपटू होते आणि ऑस्ट्रियाकडून ५१ सामने खेळले होते. मायदेशी इतका नावाजलेला खेळाडू प्रशिक्षक म्हणून परदेशात कसा स्थिरावला, आणि डच फुटबॉलच्या जडणघडणीत त्याचा वाटा किती धरावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (जुना प्रेक्षक)

परदेशाची वाट त्यांनी खेळाडू असतानाच धरली होती. १९५४ च्या विश्वचषकात उपान्त्य सामन्यात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाचा ६-१ असा धुव्वा उडवला, आणि त्याच वर्षी हॅपेल पॅरिसच्या रेसिंग क्लबात दाखल झाले. दोन वर्षांनी ते रॅपिडकडे परतले आणि १४ नोव्हेंबर १९५६ रोजी व्हिएन्नात युरोपियन चषकाच्या सामन्यात त्यांनी, बचावपटू असूनही, रेआल माद्रिदवर तीन गोल केले. रॅपिडने तो सामना ३-१ असा जिंकला. पण माद्रिदमधला पहिला सामना ४-२ असा गमावलेला असल्याने दोन्ही संघांचे गोल समसमान झाले. परक्या मैदानावरील गोलांना अधिक वजन देणारा नियम तेव्हा असता, तर तत्कालीन विजेता रेआल तिथेच स्पर्धेबाहेर गेला असता. प्रत्यक्षात तिसरा सामना माद्रिदमध्येच झाला आणि तो रॅपिडने गमावला. मला आजही त्याची हळहळ वाटते.

१९६२ मध्ये त्यांनी हेग शहरातील एडीओ या क्लबाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. सांगतात की, तिथे खेळाडूंवर वचक बसवण्यासाठी त्यांनी गोलच्या आडव्या खांबावर डबा ठेवला आणि लांबून चेंडू मारून तो खाली पाडून दाखवला. हा लहानसा क्लब त्यांनी सात वर्षे चिकाटीने बांधला आणि १९६८ च्या डच चषकाच्या अंतिम सामन्यात आयाक्सलाच २-१ असे हरवले. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा निकाल नजरेआड करता कामा नये.

उत्तर (मध्यफळी)

वरील प्रतिसादाला पुरवणी जोडतो, कारण १९७० चा तो अंतिम सामना मी चित्रफितीवर अनेकदा पाहिला आहे. फेयेनूर्दने त्याआधी गतविजेत्या मिलानला बाहेर काढले होते: तिकडे ०-१ अशी हार, घरी २-० असा विजय. ६ मे रोजी सान सिरोवर समोर स्कॉटलंडचा सेल्टिक होता. हॅपेल यांनी नेहमीचा गोलरक्षक ट्रेटेल याला बसवून ३६ वर्षांच्या पीटर्स ग्राफलांडला उतरवले. असा निर्णय फसला असता तर त्याचे खापर एकट्या प्रशिक्षकाच्या माथी फुटले असते. गेमेलने सेल्टिकला आघाडी मिळवून दिली, काही मिनिटांतच कर्णधार इस्रायलने हेडरवर बरोबरी साधली आणि जादा वेळ संपण्यास तीन मिनिटे उरली असताना स्वीडनच्या शिंडवालने विजयी गोल केला.

माझ्या मते त्या सामन्याचे सार गोलांपेक्षा मध्यफळीत आहे. यान्सेन, हासिल आणि फान हानेहेम असे तिघे तिथे होते, त्यामुळे चेंडू बराच काळ त्यांच्याच पायांत फिरत राहिला. यातला हासिल हाही मूळचा व्हिएन्नाचा. मिकेल्स यांचा आयाक्स तोवर मध्यफळीत दोघांनाच ठेवून ४-२-४ (बचावात चार, मध्यफळीत दोन, आघाडीला चार) अशी रचना वापरत असे. त्याच मोसमात फेयेनूर्दशी ३-३ अशी बरोबरी झाल्यानंतर त्यांनीही ४-३-३ स्वीकारली. टोटल फुटबॉलचे जनक हॅपेल, असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या आयाक्सचे आपण गोडवे गातो त्याच्या रचनेवर त्यांचा ठसा आहे, हे मान्य करायलाच हवे.

उत्तर (जुना प्रेक्षक)

सहमत. पुढचा प्रवास थोडक्यात लिहितो. बेल्जियमच्या क्लब ब्रुगेला त्यांनी सलग तीन वेळा लीग जिंकून दिली. १९७८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ते नेदरलँड्सचे प्रशिक्षक होते. १-१ अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी रेन्सेनब्रिंकचा फटका खांबावर आदळला आणि जादा वेळेत अर्जेंटिनाने बाजी मारली. १९८३ मध्ये त्यांच्या हॅम्बुर्ग या जर्मन क्लबाने युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात अथेन्समध्ये मागाटच्या एकमेव गोलावर इटलीच्या युव्हेन्टसला नमवले. दोन वेगवेगळ्या क्लबांसह युरोपियन चषक जिंकणारे ते पहिले प्रशिक्षक ठरले.

१९८७ मध्ये ते ऑस्ट्रियात परतले आणि १९९२ च्या आरंभी राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, पण तोवर फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना घेरले होते. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी, म्हणजे रेआलविरुद्धच्या त्या तीन गोलांना बरोबर ३६ वर्षे झाली त्या दिवशी, इन्सब्रुकमध्ये त्यांचे निधन झाले. चार दिवसांनी न्यूरेम्बर्गला ऑस्ट्रियाने जर्मनीशी ०-० अशी बरोबरी साधली, तेव्हा राखीव खेळाडूंच्या बाकावर त्यांची टोपी ठेवलेली होती.