रुग्णसुरक्षेवर प्रबंध: 'ज्ञान आणि दृष्टिकोन' सोडून काय घ्यावं?

प्रश्न: बांबोळीची विद्यार्थिनी
एमएस्सी नर्सिंगचा प्रबंध रुग्णसुरक्षेवर करायचाय. मेडिकल वॉर्ड, माहिती गोळा करायला तीन महिने. 'परिचारिकांचं ज्ञान आणि दृष्टिकोन' हा विषय घासून गुळगुळीत झालाय. रुग्ण पडण्याच्या घटना घेऊ का? सध्या संशोधनाचा कल कुठे आहे?

मडगावकर सिस्टर
पडण्याच्या घटना नको. ३० खाटांच्या वॉर्डात रोज सरासरी २७ रुग्ण धरले तर ९० दिवसांत २,४३० रुग्णदिवस होतात. सहा जण पडले तर दर हजार रुग्णदिवसांमागे साधारण २.५. एवढ्याशा आकड्यावर आधी-नंतरची तुलना टिकत नाही. वर नोंदवहीची गोची: शिक्षेची भीती कमी झाली की नोंदी वाढतात आणि प्रबंधात उलटाच निष्कर्ष निघतो.

त्यापेक्षा 'राहून गेलेली शुश्रूषा' (करायला हवी होती पण राहिली किंवा उशिरा झाली अशी कामं) घे. परिचर्या संशोधक कॅलिश यांनी २००६ पासून हा विषय पुढे आणला. त्यांच्या मिसकेअर प्रश्नावलीत २४ कामं आहेत (दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, औषध ठरल्या वेळेच्या फार तर अर्धा तास आधी किंवा नंतर देणं...) आणि १७ कारणं. वापरण्याआधी परवानगी काढ. मात्र आपल्याकडे भरवणं, कूस बदलणं बऱ्याचदा नातेवाईकच करतात. 'झालं / राहिलं' एवढंच विचारलंस तर ही कामं झालेली दिसतील. 'कोणी केलं' हा वेगळा रकाना हवाच, तुझं नवं काम तिथेच आहे.

प्रत्येक पाळीला किती परिचारिका, किती रुग्ण तेही लिही. एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती.

म्हापशाचे ट्यूटर
प्रश्नावलीत लोक बरं तेच लिहितात. मी निरीक्षण सुचवेन: औषध देताना येणारे व्यत्यय. वेस्टब्रुक यांच्या २०१० च्या अभ्यासात दर व्यत्ययामागे कार्यपद्धतीतल्या चुका १२.१ आणि वैद्यकीय चुका १२.७ टक्क्यांनी वाढल्या होत्या.

व्यत्यय कशाला म्हणायचं ते आधी लिहून काढा. फोन वाजला पण उचलला नाही, तर तो धरायचा का? दोघींनी एकाच फेरीचं स्वतंत्र निरीक्षण करून 'कॅपा' (दोघींच्या नोंदी कितपत जुळतात ते सांगणारा आकडा) काढा. सुरुवातीच्या काही फेऱ्या हिशोबात धरू नका, कोणी बघतंय म्हटल्यावर सगळेच जपून वागतात. आणि चुकीचा डोस रुग्णापर्यंत पोचतोय असं दिसलं तर निरीक्षकानं थांबवायचंच, हे प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट घाला. एथिक्स कमिटी पहिला प्रश्न तोच विचारते.

'व्यत्यय नको' लिहिलेला एप्रन घालून फरक पाहायचा असेल, तर तो हस्तक्षेप झाला. पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी करा.

प्रश्न: बांबोळीची विद्यार्थिनी
सिस्टर, रकान्याची कल्पना आवडली. नातेवाइकांनाही विचारायचं तर मराठी पुरेल?

मडगावकर सिस्टर
नाही गो, कोकणीही लागेल. एकीनं भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसरीनं ते परत इंग्रजीत आणायचं. मग दहा-बारा नातेवाइकांना तोंडी विचारून बघ. 'कूस बदलणं' म्हणजे चादर बदलणं असं कुणी समजलं, तर ते इथेच कळतं.