फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा वर्षांपासून कॅननचा २००डी आहे. सोबत १८-५५, ५५-२५० आणि ५० एमएम १.८ या लेन्स. दिवसाउजेडी काही तक्रार नाही. घोडं अडतं ते अंधारात.

परवा गावच्या देवळात काकडआरतीला गेलो होतो. समया आणि एक पिवळा बल्ब, एवढाच उजेड. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर नेला तर आजीच्या चेहऱ्यावर अक्षरशः रवा सांडल्यासारखे दाणे! फ्लॅश मारायची माझी हिंमत नाही, पुजारीबुवा हाकलून देतील.

म्हणून कॅननचा फुल फ्रेम आर८ मनात भरलाय. सेन्सर (फोटो टिपणारी चिप) २२.३ × १४.९ वरून थेट ३६ × २४ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ अडीच पटीहून जास्त. पण दोन गोष्टी खटकतात. एक, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही. दुसरं, माझी ५५-२५० लहान सेन्सरसाठीची, अ‍ॅडॉप्टर लावून तिने काढलं तर फोटो कडेने कापला (क्रॉप) जाऊन २४ चे जेमतेम नऊ-साडेनऊ मेगापिक्सेल उरतात. भिगवणच्या फ्लेमिंगोंचं मग काय करू? ५० एमएम तेवढी पूर्ण सेन्सरवर चालेल.

बजेट सव्वा लाख, फार तर दीड. घरचं 'अजून एक कॅमेरा?' अजून ऐकायचंय, ते वेगळंच.

बॉडी बदलू, की आहे त्याच बॉडीला जास्त उजेड घेणारी १७-५५ २.८ लेन्स घेऊ? देवळात, कीर्तनात फोटो काढणाऱ्यांनी जरूर सांगा. जुना २००डी विकावा की पक्ष्यांसाठी ठेवावा?