मदत हवी आहे: प्रेप चालू आहे, गांजा पण ओढतो, आता सीआरपी वाढलंय

मंडळी, आधीच सांगते, कुणी त्याला नावं ठेवू नका प्लीज. माझा मावसभाऊ रत्नागिरीला ट्रॉलरवर असतो, त्याचा जोडीदार एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणून हा रोज प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी घेतो, टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिनवाली, समुद्रात गेला तरी प्लास्टिकच्या डबीत सुतळीने घट्ट बांधून नेतो, चुकवत नाही. पण रात्री बोटीवर गांजा ओढतो. आता रक्ताच्या रिपोर्टात सीआरपी हे प्रथिन वाढलंय, म्हणजे अंगात कुठेतरी दाह आहे, आणि बोटीवरचा दोस्त म्हणतो गोळीच बाधली, बंद कर. मला हे अजिबात पटत नाही, गोळी सोडली तर संरक्षणच जाणार ना! टेनोफोव्हिर किडनीवाटे बाहेर पडतं म्हणून किडनी नीट चालतेय का ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, ते नॉर्मल आलंय. आणि सीआरपी तर साध्या इन्फेक्शनने, हिरडी सुजली तरी वाढतं, मग ते गांजाच्या धुरामुळेच वाढलं हे ओळखायचं कसं, पुढे कुठली टेस्ट करावी? डॉक्टरांना गांजाचं सांगायला तो घाबरतो, पोलिसांत जाईल म्हणून. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडे न ओरडता ऐकून घेणारे कुणी डॉक्टर आहेत का? नॅकोच्या (सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या) १०९७ हेल्पलाइनवर असं कुणी विचारलंय का? लवकर सांगा, तो परत बोटीवर जायच्या आत दाखवायचंय.